नवऱ्याने काहीच केलेलं नसतं

मुंबईहून अहमदाबाद महामार्गाने निघालं आणि दहिसर चेकनाका मागे पडला की थोड्याच वेळात काशीमीरा लागतं. डाव्या हाताला मीरा रोड आणि भाईंदरच्या इमारती, उजव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, नाक्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा आणि पुढे फाउंटन हॉटेलपाशी ठाण्याकडे फुटणारा घोडबंदर रस्ता. या रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला स्वतःच्या संसाराचा शांतपणे विचार करायला भरपूर वेळ मिळतो. पण आसपासच्या कित्येक गाळ्यांमध्ये त्याच वेळी दुसऱ्यांचे संसार मोडण्याचं काम पगारी माणसं लावून चाललेलं असतं. गोरेगावच्या चित्रनगरीत जागा मिळेना आणि मिळाली तर भाडं परवडेना, म्हणून मालिकावाले उत्तरेकडे सरकत आले. मीरा रोड, काशीमीरा, घोडबंदर आणि खाडीपलीकडचं नायगाव या पट्ट्यात बंगले आणि पत्र्याच्या शेड भाड्याने घेऊन आत वाडे, चाळी, देवघरं आणि मंगल कार्यालयं उभी राहिली. बाहेरून गोदाम, आत सरदार घराणं. दाराशी जनरेटरची घरघर, व्हॅनिटी व्हॅन आणि चहाचा थर्मास घेऊन फिरणारे स्पॉटदादा.

इथे बारा महिने कुठलं ना कुठलं लग्न चालू असतं. चातुर्मास, पितृपक्ष काही आड येत नाही. मुहूर्त फक्त टीआरपीचा, आणि तो आकडा गुरुवारी येतो. एका लग्नाचं चित्रीकरण दिवसेंदिवस चालतं, म्हणून नवरीच्या हातावरची मेंदी रोज फोटो बघून पुन्हा गिरवावी लागते. काल अंगठ्याजवळ मोर होता आणि आज कोयरी निघाली, तर कंटिन्युइटी सांभाळणाऱ्याची खैर नाही. गुरुजी कधी खरे असतात, कधी ज्युनिअर आर्टिस्ट. खरे असले तर पंचाईत, कारण ते मंत्र पुरा झाल्याशिवाय थांबत नाहीत आणि दिग्दर्शकाला मंत्राच्या मध्येच ‘कट’ म्हणायचा धीर होत नाही. होम शॉटपुरता पेटतो. पंगतीतली जिलबी बघायची असते, खायची नसते, कारण रीटेकला ती पुन्हा पानात दिसायला हवी.

आणि अंतरपाट दूर व्हायच्या क्षणी दारातून कुणीतरी ओरडतं, “थांबा! हे लग्न होऊ शकत नाही!”

मग सुरू होते धक्क्यांची पाळी. मांडवातल्या प्रत्येक नातेवाइकाचा धक्का वेगळा टिपायचा असतो. कॅमेरा मामांवर येतो, मामींवर येतो, आत्यांवर येतो, आणि मॉनिटरमागून सूचना येत राहतात : “काका, तुम्हाला धक्का बसलाय. जरा कमी करा. तुम्ही लांबचे काका आहात.” नात्याच्या जवळिकीवरून धक्क्याचं माप ठरवण्याचं हे शास्त्र मराठी मालिकेइतकं कुणीच विकसित केलेलं नाही. सख्खी आई असेल तर हातातलं ताट पडलंच पाहिजे. ताट स्टीलचं, कारण पितळेचं जड असतं आणि आवाज तितका गाजत नाही.

या सगळ्या धामधुमीत एक माणूस मात्र निवांत बसलेला असतो, तो नवरदेव. ज्याच्यामुळे हे लग्न थांबलं, ज्याची आधीची बायको, प्रेयसी किंवा मूल दारात उभं आहे, त्याला या प्रसंगात काम सर्वांत कमी. तो मान खाली घालतो. फार तर “मला काहीच आठवत नाही” म्हणतो. पुढच्या आठवड्यात कळतं की त्याच्या सरबतात काहीतरी मिसळलं होतं, किंवा त्याला मावशीने भरीस घातलं होतं, किंवा जिने त्याला नादी लावलं ती खरी दुष्ट होती. मराठी प्रणयनाट्यातला नवरा पाप करत नाही. पाप त्याच्यावर येऊन कोसळतं, आणि तेव्हा तो बिचारा खालून चाललेला असतो.

ही सवय मालिकांनी लावली असं समजून नाकं मुरडणाऱ्यांनी जरा मागे जाऊन पाहावं. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. सिंधूच्या भूमिकेतल्या बालगंधर्वांसाठी महाराष्ट्र ढसढसा रडला. सुधाकर हुशार वकील, पण घर बुडवतो, बायकोचे हाल करतो, आणि नाव कुणाचं होतं? प्याल्याचं. फार तर प्याला पुढे करणाऱ्या तळीरामाचं. गडकऱ्यांनी सुधाकराला सोडलेलं नाही हे खरं, तरी शंभर वर्षांत प्रेक्षकांनी शिव्या मोजल्या त्या तळीरामालाच. त्याच्याही आधी, १८९९ साली, देवलांच्या ‘संगीत शारदा’त म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी बोहल्यावर चढायला निघतो. समाजाची लाज, मुलीचे अश्रू, कशाकशाने त्याचं अडत नाही. अडतं ते वधू-वर सगोत्र निघतात म्हणून! एवढ्या मोठ्या सामाजिक नाटकाचा निकाल शेवटी गोत्राच्या तांत्रिक मुद्द्यावर लागला. देवल चलाख होते. प्रेक्षकांना नीतीपेक्षा गोत्र लवकर पटेल हे त्यांनी ओळखलं होतं.

पण घसरलेल्या पुरुषाचं सर्वांत भव्य स्मारक बांधलं ते व्ही. शांताराम यांनी, आणि तेही शब्दशः. १९७२ चा ‘पिंजरा’. कथा अनंत माने यांची, पटकथा-संवाद शंकर पाटील यांचे, गाणी जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदम यांचं. त्या गाण्यांशिवाय आजही गावाकडची वरात पुढे सरकत नाही. डॉ. श्रीराम लागू आदर्शवादी मास्तर, संध्या तमाशातली चंद्रकला. मास्तर तमाशाचा फड गावाबाहेर घालवतात, चंद्रकला त्यांना तुणतुणं धरायला लावण्याचा विडा उचलते आणि तो शब्द खरा करून दाखवते. मूळ कल्पना जर्मन. हाइन्रिश मान यांची १९०५ ची कादंबरी, तिच्यावरून १९३० साली बर्लिनमध्ये झालेला ‘द ब्लू एंजल’, दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग, नायिका मार्लीन डीट्रिश. तिथला प्राध्यापक कॅबरेतल्या लोला लोलाच्या मागे लागतो, नोकरी घालवतो आणि तिच्याशी रीतसर लग्न करतो. मग तिच्याच मंडळीत विदूषक होतो आणि आपल्याच गावच्या रंगमंचावर कोंबड्यासारखा आरवतो. शेवटी रात्री शाळेत जाऊन आपल्या टेबलाला घट्ट धरून मरतो.

जर्मन प्राध्यापकाला निदान लग्न तरी मिळालं. आपल्या मास्तरांच्या वाट्याला नुसतं तुणतुणं. पण फरक तिथेच संपत नाही. ‘पिंजरा’त दुसऱ्याच एका माणसाचं प्रेत मास्तरांचं म्हणून खपवलं जातं, गाव आपल्या सत्पुरुषासाठी रडतं आणि चौकात त्यांचा पुतळा बसवतं. इकडे खरे मास्तर फडाबरोबर गावोगाव फिरत असतात. आणि शेवटी पोलीस त्यांना पकडतात ते कुणाच्या खुनासाठी? मास्तरांच्या! आरोपी आणि मयत एकच. कोर्टात तोंड उघडलं तर जीव वाचेल, पण पुतळा पडेल. मास्तर गप्प राहतात आणि फाशी पत्करतात.

आता या शेवटावर हुंदके देऊन झाले असतील तर एक हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. बर्लिनच्या प्राध्यापकाची साऱ्या गावासमोर फजिती झाली. आपल्या मास्तरांचा जीव गेला, पण अब्रू साबूत राहिली. पुतळ्याच्या गळ्यातला हार एक दिवस चुकला नसेल. सिनेमा श्रेष्ठच आहे, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार उगाच मिळाला नाही, आणि लागूंचं काम तर अभ्यासक्रमात लावावं असं. तरीही ज्या गावाला आपला मास्तर माणूस होता एवढंसुद्धा कळू द्यायचं नाही, त्या गावाची आपल्याला फार काळजी आहे एवढं मात्र दिसतं. चंद्रकलेचा पुतळा कुणी बसवल्याचं ऐकिवात नाही.

‘पिंजरा’नंतर वीसेक वर्षांनी रडण्याचं खातं पुरुषांकडून काढून बायकांकडे दिलं गेलं. १९९१ चा ‘माहेरची साडी’, दिग्दर्शक विजय कोंडके. अलका कुबल यांची लक्ष्मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोसते, आणि तिच्याबरोबर अख्खं थिएटर सोसतं. गावोगावच्या बायका ट्रक, टेम्पो, एसटी करून आल्या. ज्यांच्या घरी अशी सासू होती त्या स्वतःसाठी रडल्या, ज्यांच्या घरी नव्हती त्या शेजारणीसाठी रडल्या. सासू झालेल्या उषा नाडकर्णींनी त्या काळात बाजारात बायकांच्या खऱ्या शिव्या खाल्ल्या असतील तर नवल नाही. मराठी अस्मितेच्या या साडीचा काठ मात्र राजस्थानी होता, मूळ सिनेमा १९८८ चा ‘बाई चाली सासरिये’. म्हणजे सासू हा विषय प्रांतवादाच्या पलीकडचा आहे. पण इथेही पाहा. सासू लक्षात राहते, वडील लक्षात राहतात, भाऊ लक्षात राहतो. नवऱ्याचं काम रमेश भाटकरांनी केलं होतं हे आठवायला दहापैकी आठ जणांना गुगल करावं लागेल. ज्याच्याशी लग्न झालं म्हणून हे सगळं रामायण घडलं, तो गृहस्थ स्वतःच्याच संसारात पाहुणा.

मालिकांनी ही परंपरा इमानेइतबारे पुढे नेली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ साली सुरू झाली आणि २०२१ साली संपली. गुरुनाथ सुभेदार नावाचा इसम नागपूरच्या राधिकेला, म्हणजे लग्नाच्या बायकोला, अंधारात ठेवून शनायाच्या मागे लागतो, एवढीच गोष्ट. एखाद्या सोसायटीच्या वॉचमनने दोन वाक्यांत सांगितली असती. मालिकेला साडेचार वर्षं लागली. तेवढ्या काळात राधिकेने मसाल्याचा धंदा काढला, कोट्यवधींची कंपनी केली आणि दुसरं लग्नही केलं. महाराष्ट्राने शिव्या दिल्या त्या शनायाला. ती भूमिका आधी रसिका सुनीलने केली, मग ईशा केसकरने, मग पुन्हा रसिकाने. समोरची बाई दोनदा बदलली तरी गुरुनाथच्या प्रेमात तसूभर फरक पडला नाही. एवढ्या पुराव्यानंतरही ‘त्याला शनायाने नादी लावलं’ हेच घरोघरी ठरलं.

एका मालिकेने नियम मोडायचा प्रयत्न केला. २०१८-१९ मधल्या ‘तुला पाहते रे’मध्ये सुबोध भावे यांचा विक्रांत सरंजामे हा श्रीमंत, सुसंस्कृत, दाढीतही देखणा उद्योगपती निम्म्या वयाच्या ईशावर जीव ओवाळतो. त्यावर सगळ्या वयाच्या प्रेक्षक महिलांनी आपला जीव ओवाळला. पुढे कळतं की हा गडी मूळचा गजेंद्र पाटील, मालमत्तेसाठी पहिल्या बायकोचा काटा काढलेला, आणि दुसरं लग्नही त्याच हिशेबातलं. फूस, दगा आणि लग्न, तिन्हींचा कर्ता-करविता नवराच! असं धाडस मराठी पडद्यावर क्वचित दिसतं. पण ते पचवायला काय करावं लागलं? पहिल्या बायकोला पुनर्जन्म घ्यावा लागला. सुबोध भाव्यांच्या चेहऱ्याचा माणूस लबाड आहे हे एका जन्मात सिद्ध करणं मराठी बाईला शक्य नाही, असा लेखकांचा पक्का अंदाज होता, आणि प्रेक्षकांचा आक्रोश पाहता तो बरोबर होता.

या बाबतीत आचार्य अत्रे सगळ्यांच्या पुढे होते. ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचं, फिरता रंगमंच, आणि प्रभाकर पणशीकर एकाच अंकात वेश बदलून वेगवेगळी माणसं उभी करणारे. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे नावं बदलतो, जात बदलतो, बोली बदलतो, बायकांना भुरळ घालतो, लग्नं लावतो, दागिने घेऊन पसार होतो. कोर्टात एकेक बाई येऊन त्याच्याकडे बोट दाखवते आणि तो नाटकाच्या नावाचं वाक्य उच्चारून मोकळा. मागे माधव काझीचं खरं प्रकरण होतं. प्रयोग हजारोंनी झाले आणि पणशीकरांनी आयुष्य त्यावर काढलं. त्या एका वाक्यावर थिएटर हसायचं, कारण खोलीतल्या प्रत्येक नवऱ्याने ते घरी कधी ना कधी, दुधाच्या बिलाबद्दल का होईना, म्हटलेलं होतं. आपल्या सगळ्या घसरलेल्या नायकांचं बोधवाक्य अत्र्यांनी तीन शब्दांत लिहून ठेवलं, फक्त ते खलनायकाच्या तोंडी घातलं.

आणि हे नाटकातच चालतं असं कुणी समजू नये. मुंबई इलाख्याने हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला १९४६ सालीच कायद्याने बंदी घातली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू झाली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या एका गृहस्थाने पहिली बायको असताना १९६२ साली, म्हणजे लखोबा रंगमंचावर आला त्याच वर्षी, दुसरा घरोबा केला. रात्रीची वेळ, पाट मांडले, तांब्यावर नारळ ठेवला, हार घातले, दोघांच्या कपाळाला कपाळ लावलं. खालच्या कोर्टांनी शिक्षा ठोठावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ साली न्यायालय म्हणालं, होम नाही, सप्तपदी नाही, आणि या मंडळींत त्याशिवाय लग्न लागण्याची रूढी आहे असंही सिद्ध झालेलं नाही. सबब हे लग्नच नव्हे, आणि लग्नच नव्हे तर दुसरं लग्न केल्याचा गुन्हा कुठला? आरोपी सुटला. वकिलीच्या वर्गात हा निकाल आजही शिकवतात. त्यामुळे देवळात हार घालून, कपाळाला कुंकू लावून ‘आजपासून तू माझी’ म्हणणारे सिनेमातले तमाम नायक कायद्याच्या दृष्टीने किती सावध होते हे आत्ता कुठे ध्यानात येतं. पहिल्या बायकोला पुरावा म्हणून नेमकी सातच पावलं मोजायची होती.

कायद्याचाही नवऱ्यावर जीव होता. १८६० च्या दंडसंहितेतलं ४९७ कलम व्यभिचाराचं. त्यात गुन्हेगार कोण, तर परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष. फिर्याद कुणाची, तर त्या बायकोच्या नवऱ्याची. नवरा अविवाहित बाईच्या मागे गेला तर या कलमात गुन्हाच नव्हता, आणि फसलेल्या बायकोला तक्रारीचा अधिकारच नव्हता. दीडशेहून अधिक वर्षांनी, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं. तेव्हा राधिका टीव्हीवर दोन वर्षं कायद्याविना झुंजत होती.

काशीमीऱ्याच्या महामार्गालगत राहणाऱ्यांना आणखी एक प्रकरण जवळून माहीत आहे. तमाशाचा फड मागे पडला आणि मराठी संसाराला मोहात पाडण्याचं काम डान्स बारकडे गेलं. २००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना राज्याने बारमधल्या नाचावर बंदी घातली. कारणं दिली गेली त्यात तरुण वाया जातात, घरं उद्ध्वस्त होतात, ही प्रमुख. घरं उद्ध्वस्त करणारा पगार ज्याच्या खिशातून जात होता त्याच्यावर बंदी घालण्याचं कुणाला सुचलं नाही. गंमत म्हणजे तीन तारांकित आणि त्याहून वरच्या हॉटेलांना बंदीतून सूट होती. कमी पगाराचा नवरा घसरतो, गलेलठ्ठ पगाराचा नवरा नाच बघून कलेचा आस्वाद घेतो, असा काहीसा समज असावा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली याच भेदावर बोट ठेवून बंदी रद्द केली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला, २०१६ साली नवा कायदा आला आणि २०१९ साली त्यातल्या बऱ्याच जाचक अटी न्यायालयाने काढल्या. बक्षिसी द्यायला हरकत नाही, नोटा उधळायच्या नाहीत, असंही त्यात आहे. ‘पिंजरा’तल्या मास्तरांना ही सोय असती तर निदान दौलतजादा तरी शिस्तीत झाली असती.

आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ६९ व्या कलमानुसार, पाळायचं मनात नसताना लग्नाचं वचन देऊन किंवा अन्य फसवणुकीने शरीरसंबंध ठेवले तर दहा वर्षांपर्यंत कैद. ओळख लपवून लग्न करणं ही फसवणूक आहे, हे स्पष्टीकरणात वेगळं लिहिलंय. लखोबा लोखंड्यासाठी खास कलम यायला बासष्ट वर्षं लागली. या कलमाच्या गैरवापराची चर्चा सुरू झालेलीच आहे, ती चालू द्यावी. पण मालिकेच्या लेखकांसमोर उभा राहिलेला पेच मोठा आहे. पहिल्याच भागात नायिकेने काशीमीरा पोलीस ठाणं गाठलं तर पुढच्या हजार भागांत करायचं काय?

म्हणूनच १९३७ चा प्रभातचा ‘कुंकू’ आज पाहताना दचकायला होतं. दिग्दर्शक पुन्हा शांतारामच, कथा नारायण हरी आपट्यांची. नीराचं लग्न मामाने पैशांसाठी फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावलंय. म्हणजे दगा पहिल्याच रिळात. पुढे घरातला मोठा सावत्र मुलगा तिच्यावर डोळा ठेवतो. इतर कुठल्याही सिनेमात ती कोपऱ्यात बसून रडली असती. शांता आपट्यांची नीरा त्याला चांगला चोप देते, आणि नवऱ्याला नवरा मानायला सरळ नकार देते. सावत्र मुलीच्या, समाजसेविकेच्या भूमिकेत शकुंतला परांजपे. त्या प्रत्यक्षातही संततिनियमनाच्या कामात होत्या, त्यामुळे पडद्यावर उपदेश करताना त्यांना अभिनय करावा लागला नसावा. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. जे काही वाजतं ते दृश्यातच वाजतं. म्हणजे प्रत्येक धक्क्याला तीन वेळा ‘धडाम’ नाही आणि एकच चेहरा डावीकडून, उजवीकडून, समोरून दाखवणंही नाही.

आणि या सिनेमातला नवरा, केशवराव दात्यांचे काकासाहेब, मराठी पडद्यावर जवळजवळ एकटा असा पुरुष आहे ज्याला आपलं चुकलंय हे कळतं. तो मामाला दोष देत नाही, दलालाला देत नाही, बायकोच्या हट्टी स्वभावालाही देत नाही. आरशातलं वय आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्याकडे बघत बघत त्याला उमगतं की हे लग्न आपण करायलाच नको होतं. मग तो पत्र लिहून ठेवतो आणि स्वतःला संपवून तिला मोकळं करतो. हे टोक अंगावर येतं, पण त्याला कारण होतं. तेव्हा मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो कायदा १९४७ साली आला. बडोदा संस्थानात मात्र तो आधीपासून होता. काकासाहेब सयाजीरावांचे प्रजाजन असते तर सिनेमा तासभर आधी आणि जिवंतपणी संपला असता.

‘कुंकू’ची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ नावाने त्याच वर्षी आली. दोन्हींपैकी जी मिळेल ती पाहावी, आणि जमलं तर नवऱ्याला शेजारी बसवून पाहावी. रुमाल लागणार नाही. मध्येच त्याने फोन हातात घेतला तर घेऊ द्यावा, पण काकासाहेब पत्र लिहायला बसतात तेवढा प्रसंग त्याच्याकडून पुरा पाहून घ्यावा.